प्रवेश कक्षातील अनुभव

भाचीच्या अकरावीचे पसंतीक्रम परवा तिच्याच मोबाइलवर भरून दिले आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेश समितीतील माझी बारा वर्षे आठवली. तेव्हा गुणवत्ता यादी फलकावर लागत असे आणि शिपाई ती चिकटवत असतानाच त्याच्या दोन्ही खांद्यांवरून माना पुढे आलेल्या असत. एका वर्षी विज्ञान शाखेत एका गुणाने हुकलेल्या मुलीचे वडील सलग चार दिवस येऊन बाकावर बसले. त्यांनी रदबदली केली नाही, फक्त लॅमिनेट केलेली गुणपत्रिका मांडीवर ठेवून ते खिडकीकडे पाहत राहिले. पाचव्या दिवशी एक प्रवेश रद्द झाला, परंतु प्रतीक्षा यादीत त्यांच्या मुलीच्या आधी आणखी दोघे होते. कोणी हे काम केले असेल तर जरूर लिहावे.

प्रतिसाद १
ताई, लॅमिनेशनवरून आठवले. शाळा सोडल्याचा मूळ दाखलाच लोक प्लॅस्टिकमध्ये घालून आणत आणि त्यावर आमचा जांभळा शिक्का काही केल्या वाळत नसे. त्या हंगामात माझ्या सगळ्या शर्टांच्या बाह्या जांभळ्या झाल्या होत्या.

प्रतिसाद २
मी मुंबईत होतो. 2010 साली ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ (दहावीची टक्केवारी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून काढण्याचे धोरण) उच्च न्यायालयाने रद्द केले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. मधल्या काळात टक्केवारी पाच विषयांची धरायची की सर्व विषयांची, हा प्रश्न पालक आम्हाला विचारत आणि आम्ही दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहत असू. प्रवेश ऑनलाइन होते, खिडकीवरची गर्दी मात्र हटली नव्हती.

प्रतिसाद ३
अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांसाठी मी कागदपत्रांची पडताळणी करत असे. आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन क्रीमी लेयर प्रमाणपत्राची (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची) मुदत 31 मार्चला संपते, हे गावाकडून आलेल्या अनेकांना आमच्या टेबलापाशीच प्रथम कळे. एक मुलगा असाच जुना कागद घेऊन आला. तहसील कार्यालयातून नवा मिळण्याआधीच मुदत टळली आणि त्याचा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला. नियमाप्रमाणे मी बरोबर होते, तरी त्याने ‘मॅडम, गुण तर तेच आहेत ना?’ असे विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद ४
थोडे अवांतर, परंतु उपयोगाचे: भाचीला पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, अन्यथा पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. पहिला क्रमांक मैत्रिणीच्या सांगण्यावरून भरलेला नाही ना, एवढे पाहावे.

धागाकर्ती
मैत्रिणीच्याच सांगण्यावरून भरला आहे! अर्ज लॉक झालेला नसेल तर आज रात्रीच बदलते.