मदत हवी आहे: रिलीज तोंडावर आणि मॅनेजर म्हणतो तीन माणसं घे

सांजवेळ:
सोमवारी उत्तर द्यायचंय म्हणून थेट विचारते. टीममध्ये आम्ही ५ जण. पेमेंट मॉड्यूल ज्याला आतून-बाहेरून माहितीये त्यानेच राजीनामा दिलाय. रिलीज ६ आठवड्यांवर. मॅनेजर म्हणतो ३ जण देतो, हो म्हण. मला नकोत. पण नको म्हटलं तर अप्रेझलला निघणार. काय सांगू?

बाकावरचा:
नोटीस किती दिवसांची? ९० असेल तर तो रिलीजनंतरही आहेच की. आणि येणारे तिघं अनुभवी की फ्रेशर?

जुना खोडरबर:
फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय, आयबीएमच्या मेनफ्रेमसाठीच्या, म्हणजे मोठ्या संगणकांच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमचा अनुभव घेऊन: उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं ओतली की उशीर वाढतो. ५ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या १०, ८ झाले की २८. हे आकडे ठेवा मॅनेजरसमोर.

कोडकिडा:
आकडे बघून मॅनेजर ऐकत असते तर हा धागाच निघाला नसता. मेनफ्रेमचा जमाना गेला हो. आमच्याकडे शेवटच्या महिन्यात दोघं आले आणि त्यांनीच तारलं.

जुना खोडरबर:
त्या दोघांनी त्या कोडवर आधी काम केलं होतं का?

कोडकिडा:
एकाने केलं होतं. पण मुद्दा तो नाही.

जुना खोडरबर:
तोच आहे. ब्रुक्सनेही नियम ढोबळ आहे असं स्वतःच म्हटलंय. कोड माहीत असलेला माणूस मिळाला तर घ्यावाच.

शिस्तप्रिय काका:
सोडून जाणाऱ्या मुलाला सांगा, पीएफ काढू नकोस, ट्रान्सफर कर. सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढला तर कर लागतो. आमच्या पुतण्याने ऐकलं नाही.

चकली:
काका, 🙏. अवांतर: आम्ही न्यू जर्सीत. इथली घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की आमची ९ची मीटिंग तुमच्याकडे साडेसहाऐवजी साडेसातला. नव्यांना केटी, म्हणजे कामाची माहिती, कधी देणार, रात्री?

बाकावरचा:
सांजवेळ, माझे प्रश्न तसेच राहिले. आणि क्लायंटचं बिलिंग टी अँड एम (लागलेल्या तासांवर) की फिक्स्ड (ठरलेली रक्कम)?

सांजवेळ:
टी अँड एम. त्याचा इथे काय संबंध? नोटीस ९०ची, पण बायआउट करून, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून, तो ४ आठवड्यांत जातोय. तिघं फ्रेशर, बेंचवरचे, म्हणजे सध्या प्रोजेक्ट नसलेले.

बाकावरचा:
सगळा संबंध तिथेच आहे. बेंचवर असेपर्यंत पगार कंपनीच्या खिशातून, प्रोजेक्टवर आले की तास क्लायंटच्या बिलात. मॅनेजरला तुमच्या रिलीजपेक्षा बेंच रिकामा करायची घाई आहे, त्यामुळे नुसत्या 'नको'ने काही होणार नाही. घ्या, पण पेमेंटच्या आसपास फिरकू देऊ नका. रिग्रेशन टेस्टिंग (नव्या बदलांनी जुनं काही बिघडलं का ते तपासणं) द्या, पडून राहिलेले किरकोळ बग द्या. जाणाऱ्याने आजपासून कोड लिहिणं बंद. तुमच्यातला एक जण लिहील, तो शेजारी बसून सांगेल. आणि मॅनेजरला मेल टाका: तिघांना शिकवण्यात माझा वेळ जाणार, म्हणून अमुक दोन फीचर्स पुढच्या रिलीजला. फोनवर बोलू नका, मेलच.

कोडकिडा:
म्हणजे शिकाऊ मुलांचे पैसे क्लायंटने भरायचे? वा!

सांजवेळ:
क्लायंटला फ्रेशर म्हणून सांगितलेलंच नाहीये. सीव्हीत प्रत्येकी २ वर्षांचा अनुभव आहे.

जुना खोडरबर:
अहो, हे आधी सांगायचं ना!

बाकावरचा:
थांबा. मेल अजून पाठवू नका. ते सीव्ही क्लायंटकडे कोणाच्या मेलवरून गेलेत, तुमच्या की मॅनेजरच्या?