अनुभव धागा : हॅच पॅटर्नने कुणाकुणाला रडवलंय?

चिरेबंदी

आज भाचीचा फोन आला. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मावशी, तुझी ती जांभ्याची हॅच माझ्या मॅकवर येतच नाहीये गं, उद्या सबमिशन आहे!" झालं, जुनं सगळं वर आलं. (हॅच म्हणजे ड्रॉइंगमध्ये भिंत भरायची रेघांची नक्षी.)

रत्नागिरीकडच्या एका घराच्या एलेव्हेशनसाठी, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या भिंतीच्या ड्रॉइंगसाठी, ती पॅट फाइल (नक्षीचे आकडे लिहिलेली साधी फाइल) मी हाताने लिहिली होती. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विटांचे पॅटर्न हवे तेवढे, चिरा कुठे मिळेना. ४०० बाय २०० चा चिरा धरला, सगळं मिलिमीटरमध्ये. इथे देवनागरीत देतेय, नाव तेवढं फाइलमध्ये इंग्रजीत आहे :

*जांभा, चिऱ्याची भिंत
०, ०,०, ०,२००
९०, ०,०, २००,२००, २००,-२००

पहिला आकडा कोन. पुढचे दोन सुरुवातीचा बिंदू. मग पुढची रेघ किती सरकवायची नि किती अंतरावर काढायची. शेवटी रेघेची लांबी, आणि वजा म्हणजे तेवढी मोकळी जागा. पहिल्या ओळीने थर पडतात, दुसरीने उभे सांधे. ते २०० ने सरकतात म्हणून बरोबर सांधमोड होते. गवंडी बघून खूश झाला होता.

ऑफिसातल्या विंडोजवर वर्षानुवर्षं चालली. मग साहेबांनी मॅक घेतला आणि त्यावर चिरे गायब, नुसत्या आडव्या रेघा! फाइल कुणीतरी मधे उघडून सेव्ह केली होती, त्यात शेवटचा एंटर उडाला होता. शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर ती ओळ धरलीच जात नाही. कधीकधी तर अख्खा पॅटर्न नाकारला जातो.

असलं काही तुमच्या वाट्याला आलं असेल तर लिहा. चिडचिडही चालेल.

तिरकस_४५

एंटर!!! ताई, त्या एका एंटरपायी आमच्या ऑफिसात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

इंचपट्टी

भाचीच्या मॅकवर टेक्स्टएडिटमध्ये उघडली असेल तर आधी ते बघा. नवीन फाइल तो आपणहून रिच टेक्स्टमध्ये करतो. फॉरमॅट मेनूतून 'मेक प्लेन टेक्स्ट' करायचं, मग सेव्ह. नाहीतर फाइलच्या सुरुवातीला महिरपी कंस आणि आरटीएफचा कचरा बसतो, ऑटोकॅडला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

विंडोजवाल्यांनी हसू नये. तुमचं नोटपॅड जांभा.पॅट.टीएक्सटी करून ठेवतं आणि एक्स्टेन्शन लपवलेलं असल्यामुळे दिसतही नाही.

गोदाकाठी

कुकर लावलाय, शिट्टी होईपर्यंत लिहिते.

आमच्याकडे फाइल बरोबर, एंटर बरोबर, तरी हॅच टाकली की भिंत कोरी. सर्व्हेवाल्याचं ड्रॉइंग मीटरमध्ये होतं आणि पॅटर्न मिमीत. म्हणजे २०० चा थर झाला २०० मीटरचा! अख्ख्या बंगल्यात एक रेघ पडायची नाही. स्केल ०.००१ केल्यावर आली. उलटं असेल तर 'हॅच स्पेसिंग टू डेन्स' म्हणून ओरडतं, निदान कळतं तरी. कोरी राहते तेव्हा माणूस वेडा होतो.

बाकी नंतर, शिट्टी

पेन्सिलकाका

तुम्हा पोरांना काय त्रास हो! आम्ही ट्रेसिंगवर ०.१ च्या रोट्रिंगने चिरा चिरा हाताने काढलाय. पावसाळ्यात ट्रेसिंग फुगायचं, पेन तुंबायचं, आणि एक रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची, तीही अशी की कागदाला भोक पडता कामा नये. पुढे चिकटवायचे टोनचे (छापील नक्षीचे) ताव आले, ते महाग. साहेब उरलेले तुकडे ड्रॉवरला कुलूप लावून ठेवायचे.

अमोनिया प्रिंटचा वास आठवतोय का कुणाला?

तिरकस_४५

काका, डोळ्यांतून पाणी यायचं. सगळे म्हणायचे भावुक झाला.

चिरेबंदी

काका :-) तो वास नाकातून अजून गेलेला नाही.

इंचपट्टी, टेक्स्टएडिटच होतं! ते निस्तरलं. पण आता ती म्हणते फाइल ठेवायची कुठे? फोल्डरच सापडत नाही.

इंचपट्टी

तिला सांगा, फाइंडरमध्ये 'गो' मेनू उघडून ऑप्शनचं बटण दाबून धर, मग लायब्ररी दिसेल. २०११ च्या लायन आवृत्तीपासून ॲपलने ते फोल्डर लपवलंय. पण तिथे जायचंच कशाला? स्वतःचा एक फोल्डर करायचा आणि ऑटोकॅडच्या प्रेफरन्सेसमध्ये सपोर्ट फाइल्सच्या वाटेत तो जोडायचा. विंडोजवर ऑप्शन्स, फाइल्स, सपोर्ट फाइल सर्च पाथ. ऑटोकॅडच्या आतल्या फोल्डरात टाकलं तर नवी आवृत्ती आली की नवा फोल्डर, आणि तुमचे चिरे मागच्याच घरात.

हो, आणि फाइलचं नाव आणि ताऱ्यापुढचं नाव एकच हवं. एका फाइलीत एकच पॅटर्न. नावात मोकळी जागा नको.

सह्याद्रीचा_सुळका

जांभ्याचं घर म्हणालात म्हणून विचारतो, पश्चिमेची भिंत पावसात ओल धरते. प्लास्टर करावं की उघडीच ठेवावी? सासरे म्हणतात जांभ्याला श्वास घेऊ दे.

चिरेबंदी

सासऱ्यांचं ऐका. सिमेंटने लिंपू नका, आत शिरलेलं पाणी कोंडतं. छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडतेय का ते आधी बघा. वेगळा धागा काढा ना, तिथे सविस्तर लिहिते.

बंडू_टर्मिनल

लिनक्सवाला आलो. लिब्रेकॅडमध्ये पॅट टाकून बघत बसू नका, त्याच्या हॅच डीएक्सएफ फाइलींतून येतात. क्यूकॅडला पॅट चालते. ब्रिक्सकॅडलाही चालते आणि ते लिनक्सवर सरळ बसतं. फक्त लिनक्सवर फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल वेगळं धरलं जातं, विंडोजवर नाही. मित्राच्या मशीनवर चालतं, माझ्याकडे नाही, असं झालं की सगळ्यात आधी मी तेच बघतो.

दुसरं म्हणजे ओळीचा शेवट. विंडोज तिथे दोन खुणा टाकतं, लिनक्स आणि आताचे मॅक एकच. २०१८ च्या आधीच्या नोटपॅडमध्ये माझी फाइल उघडली की सगळ्या ओळी एकाच ओळीत सलग दिसायच्या आणि पुण्याचा मित्र "तू काय पाठवलंस हे" म्हणून शिव्या घालायचा. त्याने त्यात एंटर मारत बसायचं आणि मी कपाळावर हात मारायचा.

म्युन्शेनकर

इकडे जर्मनीत वेगळीच मजा. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. एका सहकाऱ्याने एक्सेलमधून पॅटर्नचे आकडे काढले, ३.१७५ चं झालं ३,१७५. पॅट फाइलीत स्वल्पविराम म्हणजे पुढचा आकडा! ४५ अंशाच्या साध्या रेघांची पार रांगोळी झाली. त्याला ती आवडली, क्लायंटला नाही.

गोदाकाठी

परत आले. भात झाला, वरण राहिलं.

तो ३.१७५ म्हणजे आपला ॲन्सी३१, ऑटोकॅडमधला तिरक्या रेघांचा तयार पॅटर्न ना? इंची फाइलमध्ये तोच ०.१२५ आहे. एकाच नावाचे पॅटर्न दोन फाइलींत, एक इंचाची, एक आयएसओची (मिमीची). ऑटोकॅडचं मेजरमेंट नावाचं सेटिंग ० असेल तर पहिली उघडते, १ असेल तर दुसरी. आमच्या नव्या मुलाने घरी ० वर काम केलं, ऑफिसात १. तीच हॅच, तेच स्केल, आणि २५.४ पट फरक.

पालिकेच्या_दारी

या सगळ्यात पालिकेच्या सबमिशन ड्रॉइंगचं दुःख कुणी लिहिलंच नाही. पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचने दाखवायचं असतं. पीडीएफमध्ये ते पिवळं इतकं फिकट आलं की खिडकीवरच्या माणसाने विचारलं, इथे पाडताय काय? म्हटलं साहेब, माझा धीर.

तिरकस_४५

😂😂 यावर चहा माझ्याकडून.

पेन्सिलकाका

पाडायचं बांधकाम आम्ही पिवळ्या रंगाने हाताने रंगवायचो. दिसायचं!

चिरेबंदी

काका, तुम्ही स्वतंत्र लेख लिहाच आता.

भाचीचा मेसेज आला, चिरे उमटले. पण वेबवरच्या एका लेखातून तिने दुसरा पॅटर्न कॉपी केलाय, तो मात्र चालत नाही. आकडे ठीक दिसतायत.

बंडू_टर्मिनल

वजाची चिन्हं बघ ताई. वेबवरून उचललं की साध्या वजाच्या जागी बऱ्याचदा लांब डॅश येतो. डोळ्याला सारखंच, सॉफ्टवेअरला नाही. सगळे खोडून हाताने टाइप करायला सांग.

सह्याद्रीचा_सुळका

धागा काढलाय. "जांभा आणि सासरे". या सगळे.

नवशिका_बीम

ही जांभ्याची फाइल रेव्हिटमध्ये (इमारतीचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चालेल का? मी टाकली तर म्हणतंय मॉडेल टाइपचा पॅटर्नच नाही.

इंचपट्टी

चालेल. फाइलच्या सगळ्यात वर एक ओळ : अर्धविराम, टक्का, युनिट्स=एमएम. ताऱ्याच्या ओळीखाली दुसरी : अर्धविराम, टक्का, टाइप=मॉडेल. दोन्ही इंग्रजी कॅपिटलमध्ये, मधे जागा नाही. ऑटोकॅड अर्धविरामापुढचं वाचत नाही, त्यामुळे एकच फाइल दोन्हीकडे वापर.

नवशिका_बीम

झालं!! शेवटचा एंटर पण दिलाय.