नावापेक्षा बोल्ट आणि दस्ता बघा

शिकारी रायफल घ्यायची तर रेमिंग्टन ७०० की विंचेस्टर मॉडेल ७०, हा वाद नेहमी चालतो, पण दोन्ही बाजूंनी फक्त नावाची पुण्याई सांगितली जातेय. खरा फरक बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, तोंडाशी आहे. जुन्या मॉडेल ७० ला माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलसारखा, काडतूस पकडणारा लांब पंजा असतो. मॅगझिनमधून वर येतानाच काडतुसाची कड त्यात अडकते. बोल्ट अर्धाच ढकलून मागे ओढला, तरी काडतूस सोबत बाहेर येतं. रेमिंग्टनचा छोटा हूक बोल्ट पूर्ण बंद झाल्यावरच पकडतो. घाईत अर्ध्यावर मागे ओढलात तर पहिलं काडतूस आतच राहतं, दुसरं त्याच्यामागे जाऊन अडकतं. विंचेस्टरने १९६४ मध्ये पंजा काढून टाकला, म्हणून जाणकार त्याआधीची मागतात. नुसत्या नावावर गेलात तर इथेच फसाल.

आपल्या गोव्यात शिकार १९७२ च्या कायद्याने बंद, पण परवान्याची रायफल घरात असेल तर लाकडी दस्त्याकडे, म्हणजे नळी ज्यात बसते त्या लाकडाकडे, लक्ष द्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नळीला एका बाजूने टेकतं आणि गोळी नेमापासून सरकते. नळी आणि दस्ता यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवून बघा, अर्थात रायफल आधी रिकामी करून. अडली तर तिथे टेकतंय. काही कंपन्या दस्त्याच्या पुढच्या टोकाला नळीवर मुद्दाम दाब ठेवतात, त्यामुळे लगेच घासायला बसू नका. सिंथेटिक दस्त्याला ही कटकट नाही. आमच्या हवेत मी तोच घ्यायला सांगेन, दिसायला कितीही रुक्ष असला तरी.