जुन्या व्हिडिओ गेम सिरीजकडून नवीन काहीतरी हवं की आहे तेच नीट घासूनपुसून?

निवांत_गेमर:
पोकेमॉन स्कार्लेट संपवला आणि लगेच झेल्डाचा टिअर्स ऑफ द किंगडम सुरू केला, तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. झेल्डावाल्यांनी २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डचाच मॅप परत घेतला तरी गेम लोण्यासारखा चालतो. पोकेमॉनने २०२२ मध्ये याच स्कार्लेटमध्ये मेन सिरीज अख्खी ओपन वर्ल्ड (कुठेही मोकळं फिरा अशी) केली, पण लांबची पवनचक्की बघा, अडकत अडकत फिरते. तुम्ही कुठल्या बाजूचे?

रात्रपाळी:
मी स्कार्लेटच्या बाजूने, ठामपणे. इतकी वर्षं ठरलेल्या रस्त्याने एकेक जिम (जिथे लीडरला लढून हरवायचं ती जागा) करत गेलो, इथे पहिल्यांदा वाटलं की जायचं तिकडे जा, आणि चौघं मित्र एकाच मॅपवर फिरतोय ही मजा मला फ्रेमरेटपेक्षा (गेम किती सलग, न अडकता दिसतो) मोठी वाटते. शिवाय २०२५ मध्ये निन्टेंडोचा नवा कन्सोल स्विच २ आल्यावर फुकट अपडेट आला आणि आता स्मूद चालतो. पॉलिश नंतरही करता येतं ना!

गाभारा७:
फ्रेमरेट पॅचने सुधारतो रे, पण जिमच्या लेव्हल, म्हणजे तिथल्या पोकेमॉनची ताकद? कुठल्याही क्रमाने जा म्हणतात आणि लेव्हल फिक्स ठेवल्यात, म्हणजे चुकून अवघड जिम आधी केलं की मागे येऊन सोप्याला दोन मिनिटांत लोळवायचं. कल्पना भारी होती पण शेवटपर्यंत नेलीच नाही, आणि मला पॉलिश म्हणजे हेच वाटतं, नुसते ग्राफिक्स नाही.

टिअर्सचं उलट आहे. झेल्डाचे प्रोड्युसर आओनुमांनी स्वतः सांगितलंय की गेम मार्च २०२२ मध्ये जवळपास तयार होता, पुढचं वर्ष पॉलिशवर घालवलं. अल्ट्राहँड या वस्तू जोडायच्या पॉवरने फळ्या, चाकं, पंखे काहीही कसंही चिकटवा, फिजिक्स गडबडत नाही, तेही जुन्या स्विचवर. आणि छतातून थेट वर निघायची असेंड पॉवर मुळात डेव्हलपर्सची डीबगची (गेममधल्या चुका तपासायची) सोय होती! गुहा तपासून झाली की परत चालत यायला नको म्हणून. म्हणजे टेस्टिंगमधूनच नवी कल्पना निघाली.

निवांत_गेमर:
असेंडचं माहीतच नव्हतं, कमाल आहे! लेव्हलचंही पटलं, तिसऱ्या-चौथ्या जिमनंतर मला कंटाळा आला होता तो बहुतेक त्यामुळेच.

रात्रपाळी:
लेव्हलचं मान्य. पण पुढच्या गेममध्ये घाबरून परत जुन्या रस्त्यावर गेले तर मला जास्त वाईट वाटेल, ओपन वर्ल्डच ठेवा आणि हवं तर एक वर्ष उशिरा काढा, मी थांबायला तयार आहे.