बाँडला मारलं ते बरंच केलं

बाल्कनीतला:
डॅनियल क्रेगच्या शेवटच्या बाँडपटाबद्दल, 'नो टाइम टू डाय'बद्दल परवा एकाने लिहिलं, "बाँड बाप झाला, रडला, मेला, हा बाँडच नव्हे." वाचून डोकं सणकलं म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, बाँडचं लग्न १९६९ सालीच लावून झालं, आणि त्याच दिवशी शत्रूंनी बायकोला गोळी घातली, तेव्हा तो रडूनही झाला. त्याच सिनेमातलं लुई आर्मस्ट्राँगचं गाणं इथे शेवटी वाजतं, ते काय उगाच? क्रेगचे पाचही सिनेमे म्हणजे एकच गोष्ट आहे. २००६ च्या पहिल्या सिनेमात त्याची प्रेयसी वेस्पर गेली, तिची कबर इथे सुरुवातीलाच येते. करोनात बंद पडलेली थेटरं आमच्याकडे महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली, तोवर सिनेमा बाकी देशात तीन आठवडे चालून झाला होता. बाँड मरतो हे मेव्हण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच फोडलं. तरी पोरीचं खेळणं तो पट्ट्यात खोचतो तिथे मी चष्मा पुसला.

मूरपंथी:
चष्माच पुसायचा तर घरी मालिका लावा की. १६३ मिनिटं! आम्ही बाँडला जातो ते दोन घटका मजा करायला. आमचा जुना बाँड रॉजर मूर सत्तावन्नाव्या वर्षीसुद्धा भुवई उडवायचा आणि थेटर खूश. हा क्रेग सदा उपाशी असल्यासारखा.

तिखटजाळ:
मूर? 'ऑक्टोपसी'वाला? उदयपुरात वाघाला "बस" म्हणतो आणि वाघ बसतो, तोच ना? वेलीला लोंबकळून टारझनसारखा ओरडतो. गारुडी पुंगीवर बाँडची धून वाजवतो. आपला देश म्हणजे साप, निखारे आणि तलवारी गिळणारे! याला मजा म्हणायचं?

मूरपंथी:
हो, म्हणायचं. त्यात आपला टेनिसपटू विजय अमृतराज बाँडचा साथीदार विजय होऊन टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवतो, रिक्षा उडते. १९८३ साली आम्ही शिट्ट्या मारून घसा बसवला होता. कुणाचा अपमान झाल्याचं आठवत नाही.

तिखटजाळ:
तुम्हाला नसेल आठवत. मी उदयपूरला हॉटेलच्या गच्चीवर पाहिला, तिथे पर्यटकांना तो अजून दाखवतात. बाजूला गोरी मंडळी खिदळत होती. बाँड नोटांची गड्डी विजयच्या हातात कोंबतो आणि आता काही आठवडे 'करी'ची सोय झाली असं म्हणतो, तेव्हा सगळ्यात मोठ्याने तीच हसली. समोर ताटं मांडणाऱ्या पोऱ्याकडे मला बघवेना.

मूरपंथी:
तो पोऱ्या रोज बघत असेल, त्याला काही वाटलं का विचारलंत? का त्याच्या वतीने तुम्हीच दुखावलात?

तिखटजाळ:
विचारलं. म्हणाला, "मॅडम, आवाज कमी करू का?" घ्या आता.

सोलापुरी चादर:
अहो, विषय क्रेगचा होता ना? उदयपूरला कशाला मुक्काम ठोकलाय? आणि तिकडे तो विजय मरतोच की शेवटी, करवतीने. त्याच्यासाठी कुणी चष्मा पुसला?

बाल्कनीतला:
चादरराव, हे मात्र बोचलं. विजयसाठी मी कधीच रडलो नाही. (त्या वेळी सहावीत होतो, ही माझी सबब.) पण म्हणूनच म्हणतो, मूरच्या काळात माणूस मेला की बाँड एखादी शाब्दिक कोटी करून पुढे जायचा. इथे त्याला किंमत मोजावी लागते. तुम्हाला हे पटणार नाही, ठाऊक आहे.

मूरपंथी:
नाहीच पटणार. तुमचा खलनायक बघा. सफीनला नेमकं हवं काय? रक्तात जाणारे ते सूक्ष्म यंत्रमानव, बेट, विषारी बाग, आणि माणूस कुजबुजतोय. निदान मूरच्या खलनायकांना अणुबॉम्ब तरी फोडायचे असायचे.

बाल्कनीतला:
सफीनबद्दल गप्प बसतो. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. शेवटचा पाऊण तास ती यंत्रं मलाही कळली नाहीत.

तिखटजाळ:
आणि क्यूबात बाँडला मदत करणारी ती गुप्तहेर पालोमा? सगळ्या सिनेमात तेवढीच खरी मजेत होती, तिला दहा मिनिटांत निरोप. तिचा सिनेमा काढा, मी पहिल्या खेळाला जाईन.

मूरपंथी:
पालोमाला माझंही मत. लिहून ठेवा, पुन्हा देणार नाही.

सोलापुरी चादर:
सगळी नावं संपल्यावर 'जेम्स बाँड परत येईल' अशी ओळ येते, ती कुणी पाहिली का?

मूरपंथी:
नाही. मी आधीच बाहेर पडलो, पार्किंगला रांग होती.