मदत हवी आहे: अडखळत बोलणाऱ्यांना चर्चच्या उपासनेत शास्त्रवाचन (बायबलचे वाचन) कसे द्यावे?

सगळ्यांबरोबर एका सुरात वाचताना अडखळणाऱ्यांची जीभ सहसा अडत नाही. म्हणून सुरुवातीला स्तोत्र १३६ बरे: २६ वचने, प्रत्येकात ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद. खरी पंचाईत एकट्याने वाचताना होते. बोलताना अडणारा शब्द बदलता येतो, वचनात नाही. ‘परमेश्वर’मधल्या ‘प’वरच ओठ मिटून राहतात आणि पुढच्या बाकावरून कुणीतरी शब्द पुरवतो (हे सर्वांत वाईट!). ‘विश्वास कमी पडतो म्हणून अडखळतो’ म्हणणाऱ्यांसाठी निर्गम ४:१० मधला जड जिभेचा मोशे आहेच. प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवूनही त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, निघाला नाही. प्रश्न असा: पालुपदावरून एकट्याच्या वाचनाकडे किती आठवड्यांत, किती वचनांनी न्यावे? मध्ये जोडीने वाचण्याचा टप्पा कुणी ठेवला आहे का? जोडीदाराने नेमके कुठे थांबावे?