एसटी स्टँडमागचा विमानाचा गेम, जांभळी लेझर असलेला. नाव काय? आणि मालक चीटिंग करायचा का?

लालएसटी
मंडळी, मी चिपळूणचा, पण मे महिन्यात आजोळी दापोलीला असायचो तेव्हाची गोष्ट, 96-97 ची. स्टँडमागे एका काकांचं पत्र्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आत चार डबे, रुपयाला एक कॉईन. त्यातल्या एकात लाल विमान खालून वर जायचं, जमिनीवर रणगाडे, आणि एक जांभळी लेझर मिळायची ती सरळ जायचीच नाही, ट्यूबमधून पेस्ट पिळल्यासारखी वळत वळत शत्रूला जाऊन चिकटायची. नाव काय त्याचं? दुसरं म्हणजे काजूच्या बिया विकून जमवलेले सगळे पैसे मी त्यात घातले तरी तिसऱ्या लेव्हलपुढे कधी गेलो नाही, आणि मावसभाऊ मुंबईत तोच गेम आरामात पाचवीपर्यंत न्यायचा. काका मशीनला काहीतरी करून ठेवतात असा आम्हा पोरांचा ठाम समज होता. खरं काय?

सोल्डरवाला
रायडन टू. जपानच्या सेइबू काइहात्सूचा, 1993 चा. पहिला रायडन 1990 चा, त्यात मुख्य हत्यारं दोनच, लाल पसरणारी गोळी आणि निळी सरळ लेझर, जांभळी दुसऱ्यात आली.
काकांचं म्हणशील तर आमचंच रत्नागिरीत दुकान होतं म्हणून सांगतो, डब्याच्या आत गेमचा सर्किट बोर्ड असतो, बहुतेक बोर्डांवर बारीक स्विचची पट्टी असते, तिला डिप स्विच म्हणतात, त्यावर किती लाईफ द्यायच्या, गेम सोपा की कठीण, एक्स्ट्रा लाईफ किती स्कोअरला, सगळं ठरवता येतं. कंपनीनेच दिलेली सोय आहे, चीटिंग कसली. एका रुपयात पोरगं अर्धा तास उभं राहिलं तर लाईटबिल कोण भरणार?
पण मला विचारशील तर तुझा खरा दुश्मन खारा वारा. जॉयस्टिकच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांना पावसाळ्यानंतर कळंक चढायचा, आणि एक दिशा हळूहळू मरायची. आमच्याकडे डावी मरायची. पोरं म्हणायची मशीन मुद्दाम मारतं, मी उघडून पॉलिश पेपर फिरवला की दोन आठवडे सगळे खूश.

तिरफळ
दादा स्विच बरोबर, कळंकपण मान्य, पण हे गेम मुळात बनवलेच तसे असतात. रायडनमध्ये रणगाडा तुम्ही आत्ता जिथे आहात तिथे नेम धरून मारतो आणि गोळी असते जोरात, त्यामुळे घाबरून इकडून तिकडे पळालं की संपलं. हळूहळू एकाच बाजूला सरकत राहायचं, सगळ्या गोळ्या आपल्या मागे ओढायच्या, कडेला पोचलो की एक झटका देऊन मधल्या फटीतून परत. हे मला कोणी शिकवलं नाही, तीन वर्षं मरून मरून कळलं.
आणि गेम खेळणाऱ्याला बघून कठीण होतो हेही खरंय, सगळे नाही पण काही. नाम्कोच्या झेव्हियसमध्ये तुम्ही चांगलं खेळलात की तो जास्त तगडी विमानं पाठवतो. 1996 चा बॅटल गॅरेगा तर कहर, जास्त गोळ्या झाडा, जास्त पॉवर घ्या की गेम चिडतो, मेलात की शांत होतो, म्हणून त्यातले मुरलेले लोक मुद्दाम ठरवून मरतात! हे काकांच्या हातात नसतं. याची सुरुवातच गंमतशीर आहे, 1978 च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शेवटचे दोनचार एलियन सुसाट सुटतात ते आधी ठरवलेलं नव्हतं, एलियन कमी झाले की प्रोसेसरचं काम कमी व्हायचं आणि उरलेले आपोआप पळायला लागायचे, गेम बनवणाऱ्या निशिकादोंना ते आवडलं म्हणून तसंच ठेवलं.
पुढे केव्ह कंपनीच्या डोडोनपाचीने 1997 मध्ये उलटंच केलं, स्क्रीनभर गोळ्या पण हळू, आणि तुमच्या विमानाचा खरा लागणारा भाग अगदी मधला छोटासा ठिपका, पंखावरून गोळी गेली तरी जिवंत. दिसायला भयंकर पण माझ्या मते रायडनपेक्षा दयाळू.

माडाखाली
मेल्यांनो, टीव्हीचा कोणच सांगूक नाय. (पुढचं साधं लिहितो, नाहीतर चिपळूणकर अर्थ विचारत बसतील.) या गेमना टीव्ही कुशीवर झोपवून उभा लावावा लागतो, म्हणजे वरून येणारं लांबून दिसतं आणि हलायला वेळ मिळतो. आमच्या मालवणात मालकाने बोर्ड नवीन आणला पण टीव्ही होता तसाच ठेवला. म्हणजे विमान आडवं जायचं आणि आम्ही मान खांद्यावर टाकून खेळायचो. महिनाभर. कोणीतरी तक्रार केल्यावर चालू टीव्हीच फिरवला तर एका कोपऱ्यात हिरवा डाग आला, तो जत्रेपर्यंत होता.

लालएसटी
रायडन टूच! आत्ता व्हिडिओ बघितला, पहिल्या दहा सेकंदात अंगावर काटा. आणि तो झटका देऊन परत यायचं, मी नेमका कडेला जाऊन अडकायचो, डावीकडे, त्यामुळे सोल्डरवाल्यांचं ऐकून आता शंका यायला लागलीय.
एक विचारायचं होतं, खेडच्या एका भंगारवाल्याकडे असाच एक डबा बघितलाय, टीव्हीची ट्यूब फुटलीय पण आत बोर्ड दिसतोय. घेऊ का?

सोल्डरवाला
आधी बोर्डाचा फोटो टाक, दोन्ही बाजूंचा. आणि किंमत विचारताना रायडनचं नाव काढू नकोस.